विश्लेषण : भरतीच्या तोंडावर मांडी धरली तर? बर्फ, शेक, मालिश की सक्तीची विश्रांती?

पोलिस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुष उमेदवारांसाठी त्यात १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. उस्मानपुऱ्यातील खोल्या आणि अभ्यासिकांमध्ये राहून तयारी करणाऱ्या मुलांचे गणित या तीन आकड्यांभोवती फिरते. पहाटे गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलात किंवा मोकळ्या रस्त्यावर सराव, दिवसभर चालू घडामोडी आणि अंकगणित. दोन-दोन वर्षे असे चालते आणि नेमके चाचणीच्या महिनाभर आधी, वेगात धावताना मांडीच्या मागे सणकन कळ येते. पुढचे पाऊल टाकता येत नाही.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणते नस चढली आहे, चोळून घे. कोणी गरम शेक सांगते, कोणी बर्फ. मेडिकलमधून गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पळणारेही असतात. यातले काय योग्य, काय घातक आणि पुन्हा धावायला खरोखर किती दिवस लागतात?

नस चढली म्हणजे नेमके काय झाले?

बोलीत आपण जिला ‘नस’ म्हणतो, तिचा या दुखापतीशी बहुतेक वेळा संबंध नसतो. रक्तवाहिनी चढत नाही आणि मज्जातंतूही दबलेला नसतो. ताणला किंवा फाटला जातो तो स्नायू. स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि टोकाला कंडरेच्या दोरीने हाडाला बांधलेला असतो. स्नायू जिथे कंडरेला मिळतो, तो सांधा सर्वांत कमजोर. बहुतेक दुखापती तिथेच किंवा त्याच्या आसपास होतात.

मराठीत या सगळ्या दुखण्यांना वेगवेगळे शब्द आहेत, पण वापरताना आपण ते सरमिसळ करतो. पोटरीत गोळा येणे किंवा पेटके येणे म्हणजे स्नायू आखडून घट्ट होणे. काही मिनिटांत तो सुटतो आणि तंतू फाटलेले नसतात. पाय मुरगळणे म्हणजे सांध्याच्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला झालेली इजा. बीडचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगच्या स्टीपलचेस शर्यतीत पडला, तेव्हा त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटला आणि कूर्चेला दुखापत झाली. ती स्नायूची दुखापत नव्हे. तिचे उपचार वेगळे, वेळही वेगळा. कंबरेत उसण भरते, तेव्हा मात्र अनेकदा पाठीचे स्नायू ताणलेले असतात. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी बादल्या आणि ड्रम जिन्यावरून वर नेणाऱ्या घरोघरच्या बायकांना याचा अनुभव मैदानावरच्या कोणत्याही खेळाडूपेक्षा जास्त असेल.

धावताना मांडीचा मागचा भागच का जातो?

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा गट असतो, त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. हा गट खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. पोटरीचा वरचा मोठा स्नायूही असाच दोन सांध्यांवरचा, गुडघा आणि घोटा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढ बसू शकते, म्हणून हे स्नायू जास्त फाटतात.

पूर्ण वेगात धावताना पाय हवेत पुढे झेपावतो. तो जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी त्याला मागे खेचून आवरण्याचे काम हॅमस्ट्रिंगचे. म्हणजे स्नायू लांब होत असतानाच त्याला जोर लावावा लागतो. उतारावर भरलेला ट्रक ब्रेक लावत उतरतो, त्याच्या ब्रेकवर जो ताण येतो तोच इथे स्नायूवर येतो. वेग वाढला की हा ताण झपाट्याने वाढतो. म्हणूनच १६०० मीटर ठरावीक लयीत पळणाऱ्याची मांडी सहसा टिकते आणि १०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात ती जाते.

थकवा, वॉर्मअप न करता थेट स्प्रिंट मारणे, अचानक वाढवलेला सराव ही नेहमीची कारणे. पण सर्वांत मोठे कारण म्हणजे त्याच जागी आधी झालेली दुखापत. युरोपातील अव्वल फुटबॉल क्लबांच्या २१ हंगामांच्या अभ्यासात एकूण दुखापतींमधील हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. जगातले सर्वोत्तम फिजिओ दिमतीला असूनही ही अवस्था. त्यामुळे पहाटे एकट्याने सराव करणाऱ्या मुलाने मांडी धरली म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

दुखापत किती गंभीर, हे कसे ओळखायचे?

डॉक्टर साधारण तीन श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीत मोजकेच तंतू ताणले किंवा फाटलेले असतात. दुखते, पण चालता येते. एक ते तीन आठवड्यांत सुधारणा होते. दुसऱ्या श्रेणीत स्नायूचा बराच भाग फाटतो, लंगडत चालावे लागते, एक-दोन दिवसांत काळानिळा डाग दिसू लागतो. चार ते आठ आठवडे धरून चालावे. तिसऱ्या श्रेणीत स्नायू किंवा कंडरा जवळजवळ पूर्ण तुटते. कधी ‘फट्’ असा आवाज येतो, बोटाने चाचपल्यावर खळगा लागतो. तीन महिने किंवा त्याहून जास्त, आणि काही वेळा शस्त्रक्रिया.

डाग नेहमी दुखऱ्या जागीच उमटेल असे नाही. रक्त खाली उतरते, त्यामुळे मांडीच्या दुखापतीचा डाग गुडघ्यामागे दिसू शकतो. तो पाहून घाबरून जाऊ नये. मात्र डाग मोठा असेल तर दुखापत किरकोळ समजू नये.

इथे एक गफलत वारंवार होते. एक्स-रे काढला, ‘नॉर्मल’ आला, म्हणून सराव सुरू केला. एक्स-रेमध्ये हाड दिसते, स्नायू दिसत नाही. स्नायूसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते आणि बहुतेक साध्या दुखापतींना त्याचीही गरज नसते. अनुभवी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हाताने तपासून पुरेसा अंदाज बांधतो. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र एक्स-रे उपयोगी ठरतो. त्यांच्यात स्नायूऐवजी तो जिथे चिकटतो त्या हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो.

तिसऱ्या श्रेणीला किती वेळ लागतो, याचे उदाहरण संगमनेर तालुक्यातल्या मातीतले आहे. १४ मे २०२२ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर सनरायझर्स हैदराबादविरुद्ध खेळताना अजिंक्य रहाणेच्या हॅमस्ट्रिंगला तिसऱ्या श्रेणीची दुखापत झाली. आयपीएलचा उरलेला हंगाम गेला. तो मैदानावर परतला सप्टेंबरमध्ये, दुलीप करंडकात. तिथे पश्चिम विभागाकडून ईशान्य विभागाविरुद्ध त्याने नाबाद २०७ धावा केल्या आणि जून २०२३ मध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९ धावांची खेळी करत कसोटी संघातही पुनरागमन केले. व्यावसायिक खेळाडूला चार महिने लागले, हे लक्षात ठेवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे?

सर्वांत आधी थांबावे. ‘पळून पळून मोकळे होईल’ हा मैदानावरचा लाडका समज आहे आणि पहिल्या श्रेणीची दुखापत दुसऱ्या श्रेणीत नेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

बर्फाची कहाणी गमतीशीर आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘राइस’ म्हणून जगभर पसरली आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीपर्यंत पोहोचली. पुढे २०१४ मध्ये मिर्किन यांनीच लिहिले की, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची प्रक्रिया उलट लांबू शकते. कारण सूज हा निव्वळ शत्रू नाही. फाटलेल्या तंतूंचा राडारोडा उचलणाऱ्या पेशी सुजेबरोबरच तिथे पोहोचतात आणि त्यानंतर नव्या तंतूंची बांधणी सुरू होते. २०१९ मध्ये मांडलेल्या ‘पीस अँड लव्ह’ या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच दिलेली नाही.

मग बर्फ टाकून द्यायचा का? तसेही नाही. वेदना कमी करण्यासाठी तो स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे. पातळ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन-तीन दिवस. थेट कातडीवर ठेवू नये, त्वचा भाजल्यासारखी होते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर टाळावा. बर्फाने दुखणे कमी होते, स्नायू लवकर जुळत नाही, एवढा फरक लक्षात असला की पुरे. क्रेप बँडेज खालून वर गुंडाळावे. बोटे गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावे.

खरा धोका मालिशीचा आहे. फाटलेल्या जागी आत रक्त साकळलेले असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती जागा जोराने रगडली तर रक्तस्राव वाढतो. मांडीला जबर मुका मार लागलेला असताना रगडल्यास क्वचित स्नायूच्या आतच हाडासारखा गोळा तयार होतो आणि तो महिनोन्‌महिने गुडघा वाकू देत नाही. गल्लीतला चोळून देणारा माणूस अनुभवी असेल, त्याच्या हाताला गुणही असेल, पण ताज्या दुखापतीवर नाही. गरम शेक, गरम पाण्याची अंघोळ त्या जागी आणि दारू यांनाही पहिले तीन दिवस सुट्टी द्यावी. आंबेहळदीचा लेप हलक्या हाताने लावायला हरकत नाही, मात्र कातडी सोललेली असेल तर लावू नये आणि कढत लेप तर नकोच. लेप लावला म्हणून पळायला परवानगी मिळत नाही, हेही आलेच.

गोळी, इंजेक्शन आणि ‘पीआरपी’

वेदनेसाठी पहिली पसंती पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, डेंग्यूची शंका असेल तर त्या धोकादायक ठरतात. आणखी एक धोका भरतीच्या मुलांचा खास आहे. अशी गोळी घेऊन, कमी पाणी पिऊन, मराठवाड्याच्या उन्हात जोराचा सराव केला तर मूत्रपिंडावर ताण येतो. गोळीने दुखणे दबते, म्हणजे धोक्याची घंटा बंद होते. आग तशीच असते.

स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्स वेगळ्या करून दुखऱ्या जागी टोचण्याचा ‘पीआरपी’ उपचार हल्ली मोठ्या शहरांत बराच बोलला जातो. हॅमस्ट्रिंगच्या ताज्या दुखापतीवर त्याची ८० खेळाडूंवर चाचणी झाली. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी निष्कर्ष मांडला. साध्या सलाइनचे इंजेक्शन दिलेले आणि पीआरपी दिलेले खेळाडू सारख्याच वेळात मैदानावर परतले. हजारो रुपये मोजण्याआधी हे माहीत असावे.

विश्रांती किती? इथे बहुतेकांचे चुकते

दोन टोके दिसतात. एक म्हणजे दुसऱ्याच दिवशी पळणे. दुसरे म्हणजे तीन आठवडे खाटेवर पडून राहणे आणि दुखायचे थांबले की थेट स्प्रिंट. दुसरे टोक शहाणपणाचे वाटते, प्रत्यक्षात तेही महाग पडते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१७ मध्ये याच नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने दुखापतीनंतर दोन दिवसांनी व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नऊ दिवसांनी. बाकी व्यायाम तेच. पहिला गट मध्यमानाने ६२.५ दिवसांत खेळात परतला, दुसरा ८३ दिवसांत. सुरुवातीच्या एका आठवड्याच्या उशिराची किंमत शेवटी जवळपास तीन आठवडे.

कारण नवीन तंतू कोणत्या दिशेने आणि किती भक्कम बांधायचे, हे स्नायूला त्याच्यावर येणारा ताण सांगतो. ताणच आला नाही तर तंतू विस्कळीत जुळतात, मध्ये ताठर व्रण राहतो आणि पुढच्या स्प्रिंटला त्याच्याच कडेला पुन्हा फाटते.

म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हालचाल हवी, पण कोणती? सुरुवात अगदी साधी आहे. पाठीवर झोपून गुडघा थोडा वाकवावा, टाच जमिनीत दाबावी, दहा सेकंद धरावे, सोडावे. पाय हलत नाही, फक्त स्नायू आवळला जातो. आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पोटरीसाठी हेच भिंतीला पावलाचा पुढचा भाग टेकवून करता येते. वेदना शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालते. त्यावर गेली तर जोर कमी करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर आदल्या दिवशीचे जास्त झाले, इतका सरळ हिशेब.

पुढच्या टप्प्यात दोन्ही पायांवर कंबर उचलण्याचा व्यायाम, मग एका पायावर. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर करणे, नंतर दोन पायांनी वर आणि एका पायाने सावकाश खाली. हे ‘सावकाश खाली’ फार महत्त्वाचे आहे. स्नायू लांब होत असताना जोर लावण्याची सवय त्यातूनच लागते आणि स्प्रिंटमध्ये मांडी नेमकी तिथेच जाते. स्वीडनच्या फुटबॉलपटूंवरील २०१३ च्या अभ्यासात असे लांबवणारे व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले.

पुन्हा धावायचे कधी?

कॅलेंडर पाहून ठरवू नये. जिना चढता-उतरताना दुखत नाही, दुखऱ्या पायावर दहा उड्या मारता येतात, दाबल्यावर कळ येत नाही आणि दोन्ही पायांचा जोर जवळपास सारखा आहे, इतके जमले की हलके जॉगिंग. दोन-तीन दिवस निभले की निम्म्या वेगाने ६० मीटर. मग सत्तर टक्के, मग नव्वद. प्रत्येक पायरीवर किमान दोन सराव आणि मध्ये एक दिवस मोकळा. पूर्ण वेगाचा स्प्रिंट सर्वांत शेवटी. घाईत परतणाऱ्यांमध्ये तीच मांडी पुन्हा जाण्याचे प्रमाण मोठे असते आणि दुसऱ्यांदा झालेली दुखापत सहसा पहिल्यापेक्षा जास्त दिवस घेते.

मैदानी चाचणीच्या दृष्टीने एक बाब उपयोगाची आहे. १६०० मीटर आणि गोळाफेक लवकर जमू लागतात, १०० मीटर उशिरा. चाचणी चार आठवड्यांवर आली असेल आणि दुखापत पहिल्या श्रेणीची असेल, तर तिन्ही प्रकार शक्य आहेत. दुसऱ्या श्रेणीची असेल, तर १०० मीटरमध्ये जीव तोडून पळणे म्हणजे जुगार. पात्रतेसाठी ५० पैकी निम्मे, म्हणजे २५ गुण लागतात, गुणवत्ता यादीत येण्यासाठी त्याहून बरेच जास्त. १०० मीटरचे काही गुण सोडून १६०० आणि गोळ्यात पूर्ण वसुली करायची की सगळे पणाला लावायचे, हा निर्णय उमेदवाराचा. मात्र तो दुखापतीची श्रेणी तपासून घेतल्यावर करावा, मित्राच्या अनुभवावरून नाही. दोन्ही शर्यती एकाच दिवशी असतील तर मधल्या वेळेत बसून अंग गार होऊ देऊ नये. चालत राहावे, हलका वॉर्मअप पुन्हा करावा.

दुखापत झालेलीच नसेल, त्यांच्यासाठी ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचे. साधन लागत नाही, फक्त मित्र लागतो. आठ हजारांहून अधिक खेळाडूंचा समावेश असलेल्या २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात या व्यायामामुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले. पहिल्या आठवड्यात मांड्या जाम होतात, त्यामुळे चाचणीच्या तोंडावर तो सुरू करू नये.

थेट दवाखाना गाठावा असे केव्हा?

पायावर भारच देता येत नसेल, ‘फट्’ आवाज आला असेल किंवा खळगा लागत असेल तर. टाचेच्या वर मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि आता चवड्यांवर उभे राहता येत नसेल, तर टाचेची मोठी कंडरा तुटलेली असू शकते. चाळिशीनंतर बॅडमिंटन खेळणाऱ्यांत हे दिसते. पोटरी काही न लागता सुजली, गरम झाली तर ती स्नायूची बाब नसून शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी चोळणे जिवावर बेतू शकते. मांडी किंवा पोटरी दगडासारखी कडक होऊन पाय बधिर पडणे, किंवा अतिश्रमानंतर लघवी कोकसारखी गडद होणे, या दोन्ही तातडीच्या स्थिती आहेत. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कंबरेच्या उसणीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला तरी तेच.

शहरात यासाठी खासगी दवाखाना परवडत नसेल, तर घाटी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात बाह्यरुग्ण तपासणी होते. जाताना दुखापत कशी झाली, आवाज आला का, त्यानंतर किती पावले चालता आले आणि याआधी तीच जागा दुखावली होती का, एवढे लिहून न्यावे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे मिनिटे मोजकी असतात. एमआरआयच्या फिल्मपेक्षा या चार ओळींवरून त्याला बरेच काही कळते.